रंभाचा सुळा

हमरापूरच्या कारखान्यांत गणपतीचे डोळे कोण काढतं, हे बाहेरच्या माणसाला कधी विचारावंसं वाटत नाही. मूर्ती घरी नेतात, मखरात बसवतात, "नजर काय सुंदर आहे हो" म्हणतात आणि मोदकांकडे वळतात. ती नजर कुणाच्या हातची, याच्याशी कुणाला काही देणंघेणं नसतं. म्हणून मीच आधी सांगून टाकते. शहाण्णव साली बाबाजीशेठच्या कारखान्यातून जेवढे गणपती मुंबईला गेले, त्या सगळ्यांचे डोळे रंभाने काढले होते. त्यातले शेवटचे साठ-सत्तर तिने गालाला फडकं बांधून काढले.

मी डेबोरा. त्या भागातल्या उपकेंद्राची नर्स. सोळा वर्षं त्याच गावांतून पिशवी खांद्याला लावून फिरते आहे. घर रोह्याजवळ वरशाला. आम्ही बेने इस्रायली, कोकणातले ज्यू. आमची निम्मी भावकी कधीच इस्रायलला गेली, आई आणि धाकटा भाऊ जेकब वरशालाच राहिले, आणि मी या गावांत. इथे मला डेबोरा कुणी म्हणत नाही. सगळ्यांची मी नर्सबाई.

रंभा केरूची बायको. केरूची थोडी भातशेती, भात निघालं की त्याच ओलीवर वाल. लग्न होऊन आली तेव्हा रंभा कारखान्यात मूर्ती घासायला जायची, मग अंगाचा रंग द्यायला लागली. आखणी, म्हणजे डोळे काढण्याचं काम, पुरुषांचं समजलं जायचं. हिला ते कुणी शिकवलं नाही. जेवणाच्या सुट्टीत फुटक्या मूर्तींवर काढून काढून तिने हात बसवला. एक दिवस आखणीवाला शेठशी भांडून निघून गेला, चाळीस मूर्ती बिनडोळ्यांच्या उभ्या होत्या, आणि ही पदर खोचून पुढे झाली. त्यानंतर बाबाजीशेठने दुसरा आखणीवाला शोधला नाही.

तिला काम करताना मी कितीदा पाहिलं आहे. बसक्या पाटावर मांडी घालायची, मूर्ती फिरवून बरोबर समोर आणायची, श्वास रोखायची आणि वरच्या पापणीची रेघ एका दमात ओढायची. रेघ संपली की श्वास सोडायची. तेवढ्यात कुणी बोललं तर त्याची धडगत नसे. जीभ भलतीच तिखट. "माझ्या देवाला चष्मा लागायचा नाय," असं छातीला हात लावून म्हणायची आणि स्वतःच खो खो हसायची.

कारखान्यात एक रीत आहे. एका व्यापाऱ्याच्या मालाला डोळे एकाच हाताचे लागतात. अर्धे एकाने आणि अर्धे दुसऱ्याने काढले तर मूर्ती शेजारी ठेवल्यावर लगेच ओळखू येतात, आणि व्यापारी नाक मुरडतो. म्हणून आखणीला बसलेल्या माणसाने माल संपेपर्यंत उठायचं नाही. अंगात ताप असो नाहीतर घरात कुणी आजारी असो. ही रीत कुणी लिहून ठेवलेली नाही, पण ती मोडलेली मी कधी पाहिली नव्हती.

त्या वर्षी अधिक महिना आल्यामुळे गणपती सप्टेंबरच्या मध्यावर होते. तरी मुंबईचा माल ऑगस्टमध्येच जायचा होता. एका गुरुवारी मी लसीकरणासाठी फिरत होते, तेव्हा कारखान्याच्या दारातून रंभाने हाक मारली.

"नर्सबाई, जरा बघा तरी. दात लय ठनकतोय."

मी तिला उजेडात आणून तोंड उघडायला लावलं. डाव्या बाजूचा वरचा सुळा मुळाशी काळा पडला होता आणि वरची हिरडी फुगली होती. नुसतं बोट लागलं तर ती मागे सरकली.

"रंभा, हा काढावा लागेल. उद्या शुक्रवार, पेणला दाताचे डॉक्टर येतात. चल, मी येते बरोबर."

कारखान्यातले सगळे हात थांबले. कोपऱ्यात माती मळत बसलेली तिची सासू धोंडुबाई उठून आली.

"सुळा काढायचा? काय बोलता, नर्सबाई! सुळ्याची शीर डोळ्याला जाते. सुळा काढला का डोळा गेलाच."

ही समजूत आमच्या भागात घरोघर आहे. माझ्या आजीचीही होती, तिने शेवटपर्यंत वरच्या दाताला कुणाला हात लावू दिला नाही. पण आजीला डोळ्यांनी पोट भरायचं नव्हतं. रंभाला भरायचं होतं. तिचा चेहरा पांढरा पडला. इतकी फटकळ बाई, पण लहान मुलीसारखं तिने माझं मनगट धरलं.

"बाई, खरं सांगा. नजरेला धोका हाय का नाय?"

मी म्हणाले, "दात काढल्याने काही होत नाही. ठेवल्याने होईल. आतला पू वर चढतो." सांगितलं मी, पण ठासून सांगितलं नाही. कारण तेवढ्यात बाबाजीशेठ आत आला होता.

बाबाजीशेठ वाईट बोलत नाही. त्याने कधी कुणावर आवाज चढवलेला मला आठवत नाही. तो हात जोडतो, आणि तुमची पंचाईत होते. "नर्सबाई," तो म्हणाला, "दादरचा माल अर्धा झालाय. दहा दिवसांचा प्रश्न हाय. माल गेला की मी स्वतः हिला मुंबईला नेतो, चांगल्या डाक्टरकडं दाखवतो. तवर गोळ्या द्या ना काहीतरी. बाईमानूस हाय, बिचारीला त्रास नको."

बिचारीला त्रास नको! आज हे लिहितानाही माझ्या डोक्यात तिडीक जाते. पण त्या दिवशी मी काय केलं, तर पिशवी उघडली. दुखण्याच्या गोळ्या होत्या, थोड्या कॅप्सूल होत्या. त्या मी रंभाच्या हातावर ठेवल्या. हे मी इथे स्पष्ट लिहिते आहे, कारण पुढे दोन वर्षं मी ते कुणाजवळ बोलले नाही.

दोन दिवसांत ठणका थांबला, हिरडी उतरली. रंभा मला बघून हसली, "बघा, पळाला का नाय?" कॅप्सूल संपल्या. चौथ्या दिवशी सूज परत आली, ती गालावर आली. मग बाबाजीशेठचा माणूस रोज सकाळी गोळ्यांसाठी उपकेंद्रावर यायला लागला. मी देत गेले. मंगळवार हाही पेणच्या डॉक्टरचा वार, तोही आला आणि गेला, रंभा पाटावरून उठली नाही. मी तिला उठवलं नाही. घरी धोंडुबाई विटेचा तुकडा चुलीत तापवायची, फडक्यात गुंडाळायची आणि सुनेच्या गालाला शेक द्यायची. आत पू असताना शेकायचं नसतं, हे मला शिकवलेलं आहे. एकदा मी बोलले. म्हातारी म्हणाली, शेकलं की तिला झोप लागते. मी गप्प बसले. शुक्रवारही तसाच गेला. गुरुवार धरून एकूण नऊ दिवस.

दहाव्या दिवशी, शनिवारी सकाळी, केरू चिखल तुडवत माझ्या दारात आला. त्याला नीट बोलताही येईना. "तिचा डोळा मिटलाय," एवढंच म्हणाला.

मी कारखान्यात गेले तर रंभा भिंतीला टेकून बसली होती. कपाळापासून जबड्यापर्यंत डावी बाजू लालभडक, कातडी ताणून चकाकत होती. डावा डोळा सुजेत पार बुडाला होता. अंग भाजत होतं. आणि तिच्यासमोर शेवटच्या सहा मूर्ती ओल्या डोळ्यांच्या उभ्या होत्या. त्या तिने पहाटे उठून एका डोळ्याने पुऱ्या केल्या होत्या.

"आतनं कुनीतरी ढकलतंय, बाई," ती म्हणाली. "डोळ्याच्या मागनं."

बाहेर टेम्पो उभा होता. पेंढा घालून मूर्ती चढवत होते. टेम्पो मुंबईलाच निघाला होता, आणि मुंबईला मोठी हॉस्पिटलं आहेत, हे मला एकदम सुचलं. मी बाबाजीशेठला म्हणाले, "हिला पुढे ड्रायव्हरच्या शेजारी बसवा. मी बरोबर येते. तासाभराचाही उशीर चालणार नाही."

त्याने हात जोडले. "पुढं मूर्ती सांभाळायला दोन मानसं लागतात, नर्सबाई. आनि देवाच्या गाडीत असं पू झालेलं मानूस कसं बसवू? व्यापारी काय म्हनंल? तुमी पेणला दाखवा, मी मागनं येतोच."

ज्या बाईने त्या देवांना डोळे दिले, तिला त्यांच्या गाडीत जागा नव्हती! टेम्पो माझ्यासमोरून गेला. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती, पण मी गाडीपुढे आडवी झाले नाही. व्हायला हवं होतं. बाबाजीशेठ मागून आला नाही, हे सांगायला नको.

केरू आणि मी तिला रिक्षाने पेणला नेलं. आधी एका सरकारी दवाखान्यात. त्याचं नाव घेत नाही. नाव घेतलं की चौकशी लागते आणि चौकशीत दोषी ठरतो तो शिपाई. त्या दवाखान्यात दातांची एक छान खुर्ची आहे. त्याच्या दोन वर्षं आधी आली होती, हार घालून तिचा फोटोही काढला होता. त्या दिवशी तिच्यावरचं प्लास्टिक अजून तसंच होतं आणि बसायच्या जागी जुन्या केसपेपरांचे गठ्ठे ठेवले होते. खुर्ची मंजूर झाली होती, तिच्याशेजारी उभा राहणारा डॉक्टर मंजूर व्हायचा होता. ड्युटीवरच्या डॉक्टरपुढे तापाच्या पेशंटांची दारापर्यंत रांग. त्याने रंभाला बघितलं, एक इंजेक्शन दिलं आणि कागदावर लिहिलं, "दंतवैद्यास दाखवावे."

"कुठल्या दंतवैद्यास?" मी विचारलं.

"ते तुम्ही बघा, सिस्टर. शनिवार आहे, लवकर निघा."

खासगी डॉक्टरच्या शटरला कुलूप होतं. पाटीवर स्वच्छ अक्षरांत लिहिलं होतं, मंगळवार व शुक्रवार. म्हणजे आमच्या तालुक्यात माणसाचा दात दुखायचा तर त्याने वार बघून दुखावं. केरूने ती पाटी मला दोनदा वाचायला लावली. त्याला वाटत होतं, मी काहीतरी चुकीचं वाचते आहे.

मी म्हणाले, मुंबईला जाऊ. केरू म्हणाला, मुंबईत आपलं कोन हाय? मलाही धीर नव्हता. मग मला जेकब आठवला. तो रोह्याला एका केमिकल कंपनीत कामाला आहे, आणि त्या कंपनीच्या दवाखान्यात दर शनिवारी दोन वाजेपर्यंत दाताचा डॉक्टर असतो. आम्ही रोह्याची एसटी धरली. मुंबईकडे पाठ करून उलट्या दिशेला निघालो, आणि हा निर्णय माझा होता.

हायवेवर खड्डे पाण्याने भरलेले. दर धक्क्याला रंभाच्या घशातून आवाज यायचा. खांब गावाजवळ रस्ता खणला होता, गाडी वीस मिनिटं उभी. तिने उजव्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं.

"बाई, डोळा उघडंल ना?"

"उघडेल."

"नाय उघडला तर मी काय करू गो?"

मी तिच्या डोक्यावरून पदर ओढून घेतला.

कंपनीच्या गेटवर वॉचमनने कार्ड मागितलं. कार्ड कामगाराला मिळतं, त्याच्या बायकामुलांना मिळतं. रंभा कुणाचीच कुणी नव्हती. मी जेकबला शिफ्टवरून बोलावून घेतलं. तो आत-बाहेर करत राहिला, सगळ्यांच्या नाकदुऱ्या काढत राहिला. बाहेरच्या पेशंटला मॅनेजरची सही लागते. मॅनेजर शनिवारी अर्ध्या दिवसाने पुण्याला गेलेला. मग डॉक्टरला निदान गेटवर तरी येऊ द्या. नाही, ड्युटी संपेपर्यंत दवाखाना सोडायची परवानगी नाही. आणि आत डॉक्टरपुढे एकही पेशंट नव्हता! तो पेपर वाचत बसलाय आणि आपल्याला दारातूनच हुसकावलं, हे जेकबने येऊन सांगितलं तेव्हा केरूने गेटचा लोखंडी गज दोन्ही हातांनी धरला आणि कपाळ त्यावर टेकलं. पाऊण तास आम्ही वॉचमनच्या बाकड्यावर काढला. दवाखाना गेटपासून शंभर पावलांवर होता. मला त्याची पाटी दिसत होती.

दोन वाजता डॉक्टर स्कूटरवरून बाहेर पडला. सुजय त्याचं नाव, पोरसवदाच होता. रंभाला पाहून त्याने स्कूटर तिथेच सोडली. बाहेर एक बाई बसली आहे, एवढंही त्याला आत कुणी सांगितलं नव्हतं.

"केव्हापासून आहे हे?"

"चार दिवस," मी म्हणाले.

केरूने माझ्याकडे बघितलं. मी नर्सबाई होते, मला जास्त कळतं असं तो समजत होता.

"हिला मुंबईला नेलं पाहिजे," सुजय म्हणाला. "पण आधी पू बाहेर काढू, नाहीतर वाटेतच काहीतरी होईल." तो वळला, आत गेला आणि दवाखान्यातली हत्यारं बॅगेत भरून घेऊन आला. वॉचमनने विचारलं तर त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कुठे करायचं?"

"वरशाला. माझं घर आहे."

घरी पोचलो तेव्हा आई ओटीवर बसली होती. शनिवार म्हणजे आमचा शब्बाथ. शुक्रवारी दिवस मावळल्यापासून घरात काडी ओढायची नाही. आईच्या सत्तर वर्षांत शनिवारी तिच्या हाताने चूल पेटलेली कुणी पाहिली नव्हती. हत्यारं उकळायला पाणी हवं होतं. मी काड्यापेटीकडे हात नेला तर आईने ती माझ्या हातातून घेतली आणि स्वतः स्टोव्ह पेटवला. "जीव वाचवायचा तर शब्बाथ आड येत नाही," म्हणाली आणि पातेलं चढवलं. माझ्या म्हाताऱ्या आईला देवाचा नियम बाजूला ठेवायला कुणाची सही लागली नाही. आणि तिकडे एका गेटचं कुलूप पाऊण तासात उघडलं नव्हतं.

ओटीवरच्या खुर्चीत रंभाला बसवलं. जेकबने डोकं धरलं, मी हात धरले. सुजयने इंजेक्शन दिलं, पण इतक्या सुजेत ते नीट लागू पडेना. चिमटा बघताच रंभा ताठ झाली.

"डाक्टर, डोळा जानार नाय ना?"

"ताई, डोळा वाचवायलाच काढतोय."

तिने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, तेव्हा तिने तोंड उघडलं. दात निघाला आणि त्याच्या मागून जे आलं, त्याच्या वासाने जेकबला बाहेर जावं लागलं. रंभा ओरडली नाही. माझ्या मनगटात मात्र तिची पाच नखं रुतली होती.

शेजाऱ्याची जीप करून आम्ही दिवस मावळायच्या आत मुंबईला पोचलो. तिथे तिला बावीस दिवस ठेवलं. जीव वाचला. डावा डोळा उघडला, पण त्यात उजेड राहिला नव्हता.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला बाजूला घेतलं. "तो दात काढला म्हणून ही जिवंत आहे. आठवडाभर आधी काढला असता तर डोळाही राहिला असता. इतके दिवस काय करत होतात तुम्ही?" मी सांगितलं, गावाकडची माणसं, ऐकत नाहीत. केरू दहा हातांवर बाकावर बसला होता. त्याला मी यातलं एक अक्षर सांगितलं नाही.

रंभा घरी आली आणि मग गावाने तोंड उघडलं. सुळा काढला आणि डोळा गेला. धोंडुबाईचं म्हणणं खरं ठरलं! बाबाजीशेठ लुगडं घेऊन भेटायला आला आणि भरल्या घरात म्हणाला, "मी तवाच सांगत होतो, घाई करू नका. वरशाला नेऊन कुनाच्या तरी ओटीवर दात उपटला, हे काय बरं केलं?" त्याच्या मागे पाचजणांनी मान डोलावली. हमरापुरातून ती गोष्ट आसपासच्या गावांत गेली, तिथून पेणच्या बाजारात गेली. सुजयला कंपनीने हत्यारं बाहेर नेल्याबद्दल कागद दिला, आणि दिवाळीच्या आत तो पोरगा रोहा सोडून गेला. ज्याने सगळ्यांत कमी चूक केली, त्याच्याच डोक्यावर सगळं फुटलं.

मी एका वाक्यात हे थांबवू शकले असते. पण ते वाक्य उच्चारलं की पुढचा प्रश्न ठरलेला होता. नऊ दिवस गोळ्या कुणी दिल्या? माझी नोकरी होती, गावातला माझा मान होता. मी तोंडाला कुलूप लावलं.

आणि रंभा? ती मला म्हणाली, "तुमच्यावर राग नाय, बाई. तुमी चांगल्यासाठीच नेलंत. मीच खुळी, सुळा काढू दिला." असं म्हणून तिने मला चहा दिला. मी तो प्यायले.

त्या पहाटे सहा मूर्ती तिने कशाबशा निभावल्या, पण एका डोळ्याने रोजची आखणी होत नाही. समोरच्या वस्तूचा अंदाज चुकतो. ब्रश मूर्तीला टेकायच्या आधीच ती रेघ ओढायची, नाहीतर टोक नको तिथे रुतायचं. दोन महिने तिने फुटक्या मूर्तींवर पुन्हा पुन्हा करून पाहिलं. मग बाबाजीशेठने तिला परत घासायच्या कामावर बसवलं आणि गावाला वाटलं, केवढं त्याचं मन मोठं. आखणीला कृष्णाबाईची पिंकी बसली. एकोणीस वर्षांची मुलगी. तिला शिकवलं रंभानेच. शेजारी बसून, श्वास केव्हा रोखायचा तेसुद्धा सांगून.

गेल्या वर्षी, अठ्ठ्याण्णवच्या जुलैमध्ये, मी पिंकीला रस्त्यात पाहिलं. गाल धरून चालली होती. तोंड उघडायला लावलं तर वरचा सुळा, काळा पडलेला, आणि हिरडी फुगलेली. आता पेणला स्टँडामागे एक दाताच्या डॉक्टरीण रोज बसतात. मी कृष्णाबाईला म्हणाले, आजच्या आज ने. ती म्हणाली, "आधी रंभाला इचारते. तिला ठावं हाय यातलं."

आता त्या गावात दाताच्या बाबतीत रंभाला विचारायची पद्धत पडली होती!

मी त्यांच्या मागोमाग कारखान्यात गेले. रंभा काचकागद घेऊन मूर्ती घासत होती. पिंकी तिच्यासमोर उकिडवी बसली होती, आणि रंभा तिचा गाल कुरवाळत सांगत होती, "काय पन कर, सुळ्याला हात लावू देऊ नको गो. माझ्याकडं बघ. लवंग धर, शेक दे. माल जाऊ दे, मग बघू."

मला ते ऐकवलं नाही. मी दारातच उभी राहिले आणि बोलायला लागले. दाताने डोळा नेला नाही, म्हणाले. नऊ दिवस मी गोळ्या दिल्या, कारण शेठने हात जोडले आणि मला नाही म्हणवलं नाही. शेक देऊ नका असं मी एकदाच म्हणाले. त्या पोराने विचारलं तेव्हा मी नऊ दिवसांचे चार केले. मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, आठवडा आधी काढला असता तर डोळा राहिला असता. ते मी केरूलाही सांगितलं नाही आणि तुलाही नाही.

रंभाने काचकागद खाली ठेवला. मग उठून माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"दोन वर्सं," ती म्हणाली. "दोन वर्सं मी पोरीबाळींना हेच सांगतेय. सुळा काढू नका, सुळा काढू नका. आनि तू माझ्या घरी चा पितेस! किती जनींना मी अडवलं, ठावं हाय तुला? कुनाकुनाचे डोळे माझ्या अंगावर घातलेस गो तू?"

मी म्हणाले, "रंभा, मी—"

"गप. बोलायचं तवा बोलली नाय, आता गप ऱ्हा."

तिने पिंकीचा दंड धरून तिला उभं केलं. पिंकीच्या हातातला ब्रश काढून घेतला आणि पाण्याच्या डब्यात टाकला. बाबाजीशेठ आतल्या खोलीतून आला, नेहमीसारखे हात जोडून. "अगो रंभा, दादरचा माल अर्धा झालाय. आठ दिवस—"

"तुझा माल बिनडोळ्यांचा जाऊ दे," रंभा म्हणाली.

मी पिशवी उचलली आणि त्यांच्या मागे निघाले. रंभा रस्त्यावर थांबली, वळली. "तू येऊ नको," म्हणाली. ती पिंकीचा हात धरून रिक्षा स्टँडकडे चालायला लागली. कृष्णाबाई मागून धावली. मी तिथेच उभी राहिले, रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत.

दुपारपर्यंत पिंकीचा दात निघाला. तिसऱ्या दिवशी ती आखणीला बसली आणि दादरचा माल वेळेवर गेला. रंभा त्या दिवसापासून माझ्याशी बोललेली नाही. मी दारावरून गेले तर ती आत निघून जाते. तिचं बरोबर आहे.